बसायची बाग नको

मांजरीतल्या त्या बंगल्यापुढची चार गुंठे जागा दोन वर्षं नुसती पडून होती. बंगला झाला, वास्तुशांत झाली, पाहुणेरावळे जेवून गेले, आणि बाग मात्र "करू, करू" म्हणता राहूनच गेली. शेवटी एका दिवाळीनंतर रविराजनं मनावर घेतलं. खराडीतल्या कुणा ओळखीच्यानं त्याला एका लँडस्केप डिझायनरचा नंबर दिला, आणि रविवारी सकाळी स्कूटीवरून एक सडपातळ मुलगी फाटकाशी येऊन थांबली. पाठीला सॅक, हातात मोजपट्टी, पायात मात्र चिखलात चालतील असे दणकट बूट.

"मी अपेक्षा. रविराज सरांनी बोलावलंय."

रविराजची आई, विजयमालाबाई, तेव्हा पोर्चच्या पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. बाग करणारा म्हणजे डोक्याला टॉवेल गुंडाळलेला कुणी माळी येईल अशी त्यांची समजूत होती. ही तर नातीच्या वयाची पोर. त्यांनी तिला आधी पाणी दिलं आणि मग मुलाला हाक मारली.

अपेक्षानं जागा मोजली, ऊन कुठून येतं ते पाहिलं, आणि घरातल्या सगळ्यांना पोर्चमध्ये बसवून एकेकाला विचारलं, "तुम्हाला बागेत काय हवंय?"

रविराजचं ठरलेलं होतं. हिरवंगार लॉन, कडेनं पांढरे गोटे, मधोमध कारंजं, आणि आईसाठी झोपाळा. "आईनं सकाळी चहाचा कप घेऊन झोपाळ्यावर बसायचं. बास. तिनं काडीला हात लावायचा नाही." सुनेला, ऋतिकाला, डास होणार नाहीत असं काहीही चालणार होतं. विजयमालाबाईंचे यजमान संभाजीराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गाडी वळली पायजे. बाकी काय बी करा."

"आणि काकू, तुम्हाला?"

विजयमालाबाई गांगरल्या. साठी उलटली तरी असं थेट त्यांना कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं. "मला काय गं? काय बी चालंल," त्या म्हणाल्या. पण अपेक्षा निघताना त्या तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेल्या, वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चुरडली.

"ही माती हितली न्हाई बरं का. बंगल्याच्या वेळचा राडारोडा हाय, आन् वर मुरूम वतलाय. ह्यात काय लावशील ते मरंल. खाली दोन-अडीच हात गेलीस का मंग आमची काळी माती लागंल."

अपेक्षानं वही काढली आणि ते लिहून घेतलं. एक शिकलेली मुलगी आपलं बोलणं लिहून घेतेय, हे पाहून विजयमालाबाईंना उगाच लाजल्यासारखं झालं.

त्यांचं म्हणणं खरंच होतं. सतराव्या वर्षी थेऊरकडून लग्न होऊन त्या ह्या घरी आल्या, तेव्हा आजूबाजूला सगळा ऊसच ऊस होता. कालव्याला पाणी होतं आणि घराला अंत नसलेलं काम. सासू करारी. उसाच्या पाण्याची दारं धरायला मध्यरात्री उठायचं, उजाडायच्या आत भाकरी थापायच्या, आणि दिवसभर वाकून खुरपायचं. रविराज पाठीला बांधलेला असायचा, पुढं चालायला लागल्यावर बांधावर बसून असायचा. त्याला त्या वयातलं एकच लख्ख आठवत होतं, ते म्हणजे आईचे हात. थंडीत तिच्या तळव्यांना भेगा पडायच्या आणि ती रात्री त्यांत मेण कढवून भरायची. मेण गरम असायचं, पण ती तोंडातून आवाज काढायची नाही.

मग शहर आलं. एकेक तुकडा गेला, इमारती उभ्या राहिल्या, आणि रविराज बांधकामाच्या धंद्यात पडून वर आला. स्वभावानं चांगला मुलगा. नवा बंगला बांधल्यावर त्यानं आईला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, "आई, आजपासून तुझे हात मातीला लागणार नाहीत." भांड्याला बाई आली, स्वयंपाकाला बाई आली. विजयमालाबाईंना कौतुक वाटलं. सहा महिने त्यांनी ते कौतुक नीट उपभोगलंही. सातव्या महिन्यात त्यांची झोप उडाली.

अंग दुखायचं, पण कामानं दुखायचं तसं नाही. जेवण जाईना. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या; काही निघालं नाही. अशातच एक दिवस त्या कोथिंबीर आणायला म्हणून कालव्यापलीकडं इंदुबाईच्या शेतावर गेल्या. इंदुबाई वाट्यानं रान करायची. मेथी, पालक, शेवंती असं काहीबाही. मेथीच्या वाफ्यात चार बायका ओळीनं खुरपत होत्या. विजयमालाबाई बोलता बोलता टेकल्या, समोरचं गवत हातानं उपटायला लागल्या, आणि भानावर आल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या परत गेल्या. इंदुबाई फटकळ. ती म्हणाली, "बंगलेवाल्या, हौस म्हणून बसायचं आसंल तर बांधावर बस. पात धरलीस तर शेवटापर्यंत न्यावी लागंल." पात म्हणजे खुरपणाऱ्या बाईच्या वाट्याची ओळ. विजयमालाबाईंनी पात धरली आणि सगळ्यांच्या आधी शेवटाला नेली. त्या रात्री त्या अशा झोपल्या की सकाळी ऋतिकानं येऊन कपाळाला हात लावून पाहिला.

तेव्हापासून त्यांचा रिवाज पडला. सून-मुलगा कामाला गेले की त्या पिशवी घ्यायच्या आणि "भजनी मंडळात जाते" म्हणून निघायच्या. पिशवीत वर टाळ, खाली खुरपं आणि संभाजीरावांचा जुना सदरा, साडीवर चढवायला. बारापर्यंत परत. घरी कुणाला पत्ता नव्हता, आणि लागू द्यायचाही नव्हता. रविराज दुखावेल, ही एक धास्ती. गावात बोलतील, रविराजच्या आईला खुरपायला जावं लागतं, ही दुसरी.

अपेक्षा येऊन गेल्यावर तीन आठवड्यांनी ती धास्ती समोर येऊन उभी राहिली. शेवंतीत पाच बायका बसल्या होत्या. विजयमालाबाई मधल्या पातीवर, सदरा घातलेला, डोक्याला फडकं. बांधावरून कुणीतरी विचारलं, "इथं शेणखत मिळतं का हो?"

विजयमालाबाईंनी आवाज ओळखला आणि मान आणखी खाली घातली. पण इंदुबाईला कसली पोच! "विजा, तुझ्याकडची बागवाली पोरगी हाय का गं ही?"

अपेक्षा वाफ्याच्या तोंडाशी येऊन थांबली. तिनं पाहिलं. बूट काढले, सॅक बांधावर ठेवली, आणि शेजारच्या मोकळ्या पातीवर येऊन बसली.

"एक खुरपं द्या की," ती म्हणाली.

तिचा हात चांगला चालत होता. मुळाला धक्का न लावता गवत तेवढं उचलत होती. विजयमालाबाईंनी तिरक्या नजरेनं पाहिलं. "कुठली गं तू?"

"उमरग्याकडची. आई अजून जाते खुरपायला. मी शिकून इकडं आले तर गावात सगळे म्हणतात, पोरगी पुण्यात बागा करते. आई म्हणते, बागा करते म्हणजे शेवटी मातीतच ना? मग एवढं शिकून काय केलंस!"

बायका हसल्या. विजयमालाबाईही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "पोरी, घरी बोलू नगंस. त्याच्या जिवाला लागंल."

"नाही बोलणार." थोडं अंतर दोघी पुढं सरकल्या. मग अपेक्षानं विचारलं, "काकू, त्या दिवशी तुम्ही 'काहीपण चालेल' म्हणालात. आता खरं सांगा."

विजयमालाबाईंनी खुरपं मातीत रोवलं. मनात इतके दिवस जे होतं ते पहिल्यांदाच तोंडावाटे आलं. "मला बसायची बाग नको गं. बसून बसून जीव गेला माझा. उद्याच्याला काय तरी काम शिल्लक ऱ्हाईल, अशी बाग कर. सकाळी उठल्यावर वाटलं पायजे, आज घेवड्याला काठी द्यायचीय, आज अळूला पाणी कमी पडलं."

अपेक्षानं ह्या वेळी वही काढली नाही. तिला ते लिहून ठेवायची गरज पडली नसावी.

पुढच्या रविवारी ती नवा आराखडा घेऊन आली. टेबलावर मोठा कागद पसरला. पुढं गाडी वळण्याइतकी फरसबंदी, एका बाजूला छोटंसं लॉन, आणि उरलेली सगळी जागा वाफ्यांची. घेवड्याचा मांडव, कढीपत्ता, लिंबू, शेवगा, मोगऱ्याची रांग. आधी सगळा राडारोडा उपसायचा आणि मूळची माती वर आणायची. कारंजं कुठंच नव्हतं.

रविराजनं कागद दोनदा पाहिला. "मॅडम, मी तुम्हाला गार्डन सांगितलं होतं. हे शेत आहे."

"सर, तुम्ही म्हणालात बाग आईसाठी आहे."

"हो. म्हणूनच म्हणतोय. ह्यात रोज राबावं लागेल. माझ्या आईनं जन्मभर ते केलंय. तुम्हाला कोणी सांगितलं, तिला हे हवंय म्हणून?"

अपेक्षानं एकदा विजयमालाबाईंकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. "मला तसं वाटलं, सर."

"तुम्हाला वाटलं!" रविराज कधी आवाज चढवत नसे; तो उलट हळू बोलायला लागला की घरच्यांना कळायचं. "राहू द्या मग. आपण इथंच थांबू. मी दुसरं कोणीतरी बघतो."

अपेक्षा कागदाची गुंडाळी करायला लागली. तिचे कान लाल झाले होते. विजयमालाबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. ही परकी पोर स्वतःचं काम घालवतेय, पण दिला शब्द मोडत नाही, हे त्यांना बघवेना. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"रवी, तिला न्हाई वाटलं. म्या सांगितलं. मी भजनाला जात न्हाई."

"म्हणजे?"

"इंदुबाईच्या रानात खुरपायला जाते. दीड वरीस झालं."

ऋतिकाच्या हातातला मोबाइल वाजून वाजून बंद पडला. रविराजच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो गेला, आणि मागं राहिलं ते लहानपणी बांधावर बसलेल्या पोराचं तोंड. "माझं काय कमी पडलं गं, आई?"

विजयमालाबाईंना ह्याच प्रश्नाची भीती होती. तेवढ्यात पेपरामागून संभाजीराव बोलले.

"तिला काय इचारतो? खुरप्याला धार कोण लावतंय ते इचार."

विजयमालाबाई चमकून वळल्या. "तुमी?"

"मंग काय आपआपली लागती व्हय? हप्त्याला एकदा काढतो पिशवीतनं. टाळाखाली असतंय." त्यांनी पान उलटलं. "पयल्याच दिवशी कळलं मला. भजनाहून आलेल्या बाईच्या नखात काळी माती कशी? पर म्हटलं, रात्रीची झोपतीया न्हवं निवांत. मंग आपुन कशाला बोला."

ऋतिकाला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. विजयमालाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं त्यांना कधी गजरा आणला नव्हता. दीड वर्ष तो गुपचूप खुरप्याला धार लावत होता. त्यांना एकदम काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तोंडून आलं ते एवढंच, "चहा गार व्हतोय."

रविराज चहा न घेता बाहेर पडला. दोन दिवस तो घरात धड बोलला नाही. अपेक्षालाही त्यानं ना हो कळवलं, ना नाही. विजयमालाबाई त्या दोन दिवसांत शेतावर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र संभाजीरावांनीच पिशवी आणून त्यांच्या हातात दिली. टाळ काढून ठेवलेला होता.

त्या दिवशी मेथीची काढणी होती. बायका जुड्या बांधत होत्या आणि इंदुबाई कुणाच्या तरी लग्नातल्या फजितीची गोष्ट सांगत होती. विजयमालाबाईंना हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, आणि डोळे पुसताना त्यांना बांधावर रविराज दिसला. गाडी कालव्यापाशी सोडून, ऑफिसच्या बुटांनी चालत आलेला. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"दादा, आलाय तर जुड्या उचला," इंदुबाई म्हणाली. "नुसतं उभं ऱ्हायला हितं बुजगावणं हाय आमच्याकडं."

रविराजनं बूट काढले. जुड्या उचलल्या, टेम्पोपाशी नेऊन ठेवल्या, आणि मग आईशेजारी वाफ्याच्या कडेला बसला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"तू घरी अशी हसत नाहीस, आई."

"घरी इंदी कुठं हाय?"

तो हसला, पण त्याचं मन अजून त्याच जागी अडलेलं होतं. "मला तुझे ते हात आठवतात गं. मेण भरायचीस ते. मी ठरवलं होतं, मोठं झाल्यावर आधी हे थांबवायचं."

विजयमालाबाईंनी त्याचा हात आपल्या चिखलाच्या हातात घेतला. "तवा लई तरास व्हता, रं. खोटं कशाला बोलू. पर तो खुरप्याचा न्हवता. ऊस जाईल का, पैका येईल का, सासू काय म्हणंल, तुला ताप आलाय तर दवाखान्यात कशी नेऊ, ह्याचा घोर व्हता. आता पीक आलं काय आन् न्हाई आलं काय, माझ्या जिवाला घोर न्हाई. तूच तो काढलास. आता नुसती माती राह्यली. ती तर मला आवडतीच की."

रविराज बराच वेळ मेथीच्या मुळांची माती झटकत बसला. मग उठून त्यानं फोन लावला. "अपेक्षा मॅडम, सोमवारी जेसीबी पाठवतो. किती खोल जायचंय ते तुम्ही आईला विचारून सांगा."

सोमवारी राडारोडा निघायला लागला. विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, फरशांच्या कपच्या, कुणाची तरी तुटकी चप्पल. विजयमालाबाई खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. अपेक्षा चालकाला हातवारे करत होती. दुपारी तीनच्या सुमाराला बकेट वर आलं आणि त्यातली माती काळी होती. ओली, चिकट, गुळाच्या ढेपेसारखी. विजयमालाबाई ओरडल्या, "थांब, थांब रं!" आणि पदर खोचून स्वतः खाली उतरल्या. तीन-चार वर्षांनी ती माती उजेडात आली होती. त्यांनी मुठीत घेतली, दाबली, सोडली. बोटांचे ठसे तसेच राहिले. संभाजीरावसुद्धा पेपर ठेवून बाहेर आले होते. "हा आपला विहिरीकडचा तुकडा," ते म्हणाले, आणि पुढं कितीतरी वेळ दोघं नवरा-बायको त्या खड्ड्यापाशी, कुठल्या वर्षी तिथं काय होतं ते आठवत उभे होते.

फेब्रुवारीपर्यंत बाग उभी राहिली. रविराजचा मान ठेवायला लॉन होतं. त्यावर तो रविवारी अनवाणी फिरतो. एका कडेला अपेक्षानं कमरेइतक्या उंचीचे दोन वाफे विटांनी बांधून घेतले. विजयमालाबाईंनी नाक मुरडलं. "हे काय? उभ्यानं खुरपायचं?"

"आत्ता नाही, काकू. गुडघे ऐकेनासे झाले की."

"माझं गुडघं ऐकत्यात."

"मग तोवर ऋतिकाताई वापरतील."

तसंच झालं. संध्याकाळी कामावरून आली की ऋतिका त्या उंच वाफ्यांत कोथिंबीर आणि पुदिना लावते. तिचा पुदिना दोनदा मेला. तिसऱ्यांदा धरला तेव्हा तिनं सगळ्या ऑफिसला फोटो पाठवला. विजयमालाबाई आठवड्यातले तीन दिवस आपल्या बागेत असतात आणि तीन दिवस इंदुबाईकडं. आता पिशवी लपवत नाहीत. गावात सुरुवातीला कुणी कुणी बोललं, रविराजनं सांगून टाकलं, "आईची जिम आहे ती." मग बोलणंही थांबलं.

ह्या सगळ्यात अपेक्षाला एक सवय लागली. एखादी जागा अवघड वाटली की ती मांजरीला फोन करते आणि विजयमालाबाईंना स्कूटीवर मागं बसवून घेऊन जाते. परवा त्या सहकारनगरात एका निवृत्त गृहस्थांकडं गेल्या होत्या. गृहस्थांनी नऊवारीतल्या ह्या बाईंकडं चष्म्यावरून पाहिलं.

"आपण कोण?"

"ह्या आमच्याकडं माती बघतात," अपेक्षा म्हणाली.

"असं का! मग माती काय म्हणतेय तेही कळवा. आमच्याशी ती वीस वर्षं बोललेली नाही."

अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन विजयमालाबाईंनी टोकदार काडीनं जरा उकरलं, माती बोटांवर घेतली, हुंगली. "दादा, घर रंगवताना हितं चुना कालवला व्हता का?"

गृहस्थांनी चष्मा काढून त्या कोपऱ्याकडं पाहिलं; चुना खरंच तिथंच कालवला होता. मग आत वळून म्हणाले, "अहो, ऐकलंत का? चहा तीन कप टाका. आणि त्या बाईंना खुर्ची द्या."

"खुर्ची नगं," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून तिथंच खाली बसल्या. "फावडं असंल तर बघा."